शिमोनबाबांचा रोजचा अध्याय

शिमोनबाबांना गाणं येत नव्हतं. हे मी आधीच सांगून टाकतो. पुढे त्यांच्याविषयी जे लिहिणार आहे ते बहुतेक चांगलंच आहे, आणि एखाद्याबद्दल नुसतं चांगलं लिहिलं की वाचणाऱ्याला संशय यायला लागतो. तर त्यांना गाणं येत नव्हतं आणि ते रोज गात असत. पहाटे, उघड्या अंगणात, पोटातला सगळा जोर लावून.

दुसऱ्या महायुद्धाच्या दिवसांत स्टेशनमास्तर म्हणून माझी बदली गोंदियाहून डोंगरगडकडे जाणाऱ्या लायनीवरच्या एका लहानशा स्टेशनात झाली. मी अमरावतीकडचा, मला जंगलाची सवय नाही. इथे स्टेशन म्हणजे एक कौलारू खोली, एक फलाट, चार क्वार्टर आणि बाकी सगळा साग नि मोह. पहिल्याच पहाटे कुणीतरी मोठ्यानं ओरडतंय म्हणून मी दचकून उठलो. कुणाला साप चावला असणार असं समजून कंदील घेऊन बाहेर धावलो. दारात पोर्टर बिसन कडुनिंबाच्या काडीनं दात घासत उभा होता. त्यानं माझ्याकडे जरा दयेनंच पाहिलं.

"कुछ नहीं, मास्तरसाब," तो म्हणाला. "शिमोनबाबाची भक्ती चालू हाय. रोजचंच हाय. जा, झोपा तुमी."

झोपतो कसला! मी तसाच क्वार्टरच्या कोपऱ्यावर उभा राहून ऐकू लागलो. चाल दंडारीतली होती, गावात दिवाळीच्या सुमाराला नाचगाण्याचा खेळ होतो त्यातली. शब्द मात्र त्यांचे स्वतःचे होते.

"काल सांधा बसला नीट, तुही किरपा, देवा, तुही किरपा. चुलीत लाकूड सुकं होतं, तुही किरपा, देवा, तुही किरपा."

असं बरंच लांबत गेलं. आदल्या दिवशी जे जे घडलं ते सगळं त्यात आलं. मालगाडी उशिरा का होईना पण आली, बिसनची शेळी सापडली, त्यांच्या बायकोच्या, एस्तरबाईंच्या, गुडघ्याला थोडा आराम पडला. प्रत्येक ओळीमागे तीच 'तुही किरपा', म्हणजे तुझी कृपा. तिसऱ्या पहाटे त्या गाण्यात मी स्वतःच सापडलो. "नवा मास्तर आला गावा, तोंडानं तिखट, मनानं बरा, तुही किरपा, देवा, तुही किरपा." हे सगळं स्टेशन ऐकत होतं. त्या दिवशी मी त्यांच्यावर रागावण्याचा बेत केला होता, पण 'मनानं बरा' म्हटल्यावर काय रागावणार?

शिमोनबाबा आमच्या स्टेशनचे सांधेवाले होते. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची ते मी ठरवायचं आणि तो अवजड खटका ओढून रूळ जोडायचा तो त्यांनी. सगळे त्यांना पैटमन, म्हणजे पॉइंट्समन, म्हणत. उंच, वाळलेले, हात मात्र खटका ओढून ओढून पंज्यासारखे रुंद झालेले. रेल्वेच्या निळ्या कोटाचं एक बटण कधीच गेलं होतं, तिथे एस्तरबाईंनी चिंचोका टोचून शिवला होता. कोटाच्या आतल्या खिशात फडक्यात गुंडाळलेला चष्मा. तो चष्मा कामासाठी नव्हता, वाचनासाठी होता.

त्यांच्या लहानपणी मोठा दुष्काळ पडला होता. त्यात त्यांचे आईवडील गेले आणि मिशनच्या अनाथाश्रमात ते वाढले. ही हकिकत ते एका वाक्यात संपवत. "अकालात मायबाप गेले जी, अन् मले अक्षर भेटलं." पुढे काही विचारलं तर म्हणत, "बाकी सांगासारखं काही नाही." त्यांची एकुलती मुलगी लग्न होऊन रायपूरकडे गेली होती. गावात दुसरं ख्रिस्ती घर नव्हतं. गोंदियाहून एक पाद्रीसाहेब महिन्यातून एखाद्या रविवारी येत, तेवढीच संगत. एरवी देवळाच्या जागी त्यांचं अंगण.

गाणं आटोपलं की वाचन. अंगणात मोहाच्या लाकडाचा एक पाट, त्यावर शिमोनबाबा, मांडीवर काळ्या पुठ्ठ्याचं जाडजूड शास्त्र, म्हणजे बायबल. शेजारी एस्तरबाई सुपात तांदूळ घेऊन पाखडत बसलेल्या. रोज एक अध्याय. एकच, आणि तोही ओळीनं. पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत जायचं, शेवटचं पान झालं की दुसऱ्या दिवशी पुन्हा पहिलं. असं ते तरुणपणापासून करत आले होते. आवडीचं पान आधी, नावडतं नंतर, असा प्रकार नाही. काही अध्यायांत नुसती नावंच नावं असतात, अमक्याचा मुलगा तमका आणि तमक्याचा अमका. तेही ते एकेक नाव पुरतं उच्चारून वाचत.

"बाबा, ह्यातून तुम्हाला काय मिळतं?" मी एकदा विचारलं. "हे तर तलाठ्याचं काम झालं."

"जेवायले बसलं त जे वाढलं थे खायचं जी," ते म्हणाले. "रोज रोज लाडू मांगाल त वाढणारीले राग येते."

त्यावर एस्तरबाई सुपातून डोकं न काढता म्हणाल्या, "लाडू करते कोण इथं? अन् नावं लवकर वाचा, भात लागन."

एस्तरबाई ठेंगण्या आणि जिभेनं चपळ होत्या. त्यांना वाचता येत नव्हतं. "मले अक्षरं म्हणजे मुंग्याच दिसतेत," असं त्या सांगत. वाचन चालू असताना त्यांचे हात कधी थांबले नाहीत, मान कधी हलली नाही. खडा निवडायचा, कोंडा उडवायचा, मध्येच उठून कोंबडीला हाकलायचं. मला वाटे, बिचारी वर्षानुवर्षं हे ऐकून कंटाळून गेली असेल, नवऱ्याचा मान म्हणून बसते.

ह्या ओळीनं वाचण्याच्या हट्टापायी एकदा पाद्रीसाहेबही वैतागले. नाताळचा दिवस होता. साहेब मुद्दाम आदल्या संध्याकाळी येऊन राहिले होते. सकाळी अंगण सारवून रांगोळी काढलेली, बिसनची बायकापोरं, मी, गावचा पोवार पाटील, असे सगळे पाहुणे जमलेले. साहेबांनी ख्रिस्तजन्माची कथा वाचली. छान झालं. मग शिमोनबाबांनी आपलं शास्त्र उघडलं.

"आता आजचा अध्याय," ते म्हणाले.

तो अध्याय घराच्या भिंतीला लागलेल्या बुरशीचा निघाला. भिंतीवर हिरवट-तांबूस डाग पडला तर घर कसं रिकामं करायचं, दगड कसे काढायचे, चुना कसा खरवडायचा, सगळं सविस्तर. पाहुणे एकमेकांकडे पाहू लागले. पाटील मला कानात म्हणाले, "मास्तर, ह्यांच्या सणाले हे काऊन वाचतेत?" पाद्रीसाहेबांनी अगदी हळू आवाजात सुचवलं, "शिमोन, आजच्या दिवस हे राहू द्या."

"साहेब, तुमचं तुमी वाचलं, थे चांगलंच होतं," शिमोनबाबा नम्रपणे म्हणाले. "हे माह्या घरचं आजचं आहे." आणि त्यांनी अध्याय पुरा केला.

नंतर, सगळे पोहे खात असताना, ते उठून घरात गेले आणि चारी भिंती चाचपू लागले. शास्त्रात आज भिंत आली तर भिंत पाहिली पाहिजे, एवढा साधा हिशेब. अंथरुणाच्या पेटीमागे त्यांना वाळवी लागलेली सापडली. तिनं पेटीचं बूड निम्मं खाल्लं होतं. एस्तरबाईंची लग्नातली साडी त्या पेटीत होती. ती थोडक्यात वाचली. दुसऱ्या पहाटे गाण्यात वाळवी आली, साडी आली, आणि "साहेबाले राग आला नाही, तुही किरपा" हेही आलं. पाद्रीसाहेब तेव्हा पांघरुणात होते. ते जोरजोरानं हसल्याचं मी भिंतीपलीकडून ऐकलं.

देवावर एवढा भरवसा असलेला माणूस कामात ढिला असतो, असा माझा समज होता. आमच्या आधीच्या स्टेशनातला एक क्लार्क सगळं रामावर सोपवून दुपारी झोपत असे. शिमोनबाबांचं उलट होतं. खटका ओढल्यावर रूळ नीट जुळले का ते वाकून, हात लावून पाहत. मी म्हटलं, "देव पाहतोय की." तर म्हणाले, "देव पाहून राहिला म्हणूनच त हात लावून पाहतो जी."

थंडीत गोंड मंडळी कचारगडच्या गुहांकडे आपल्या देवाला जायला निघत, तेव्हा आमच्या फलाटावर त्यांचा मुक्काम पडे. बायका, म्हातारे, तान्ही पोरं, सगळे उघड्यावर. शिमोनबाबा आपल्या वाटणीच्या लाकडांतली लाकडं उचलून आणत आणि शेकोटी पेटवून देत. मग त्यांची गाणी ऐकत बसत. आवडलेली चाल पकडून ठेवत आणि दुसऱ्या पहाटे बेसूर करून टाकत. मी त्यांना डिवचलं, "तुमच्या देवाला हे चालतं का हो?" ते लाकूड सारखं करत म्हणाले, "थंडी बनवणारा एकच आहे जी. लाकूडही त्याचंच." वाद घालण्यात त्यांना रस नव्हता. मला होता, पण एकट्यानं वाद कसा घालणार?

मग ती पहाट आली. गाणं नेहमीचंच चाललं होतं आणि मध्येच ओळ ऐकू आली. "दिव्याभोवती कडं दिसलं, तुही किरपा, देवा, तुही किरपा."

त्याच सकाळी ते माझ्या टेबलासमोर येऊन उभे राहिले. टोपी हातात.

"मास्तर, सिग्नलच्या दिव्याभोवती मले रंगीत कडं दिसून राहिलं. बाजूचं सारं अंधुक झालं. माह्या हाती सांधा ठेवू नका."

मी चपापलो. नोकरीची दोन-अडीच वर्षं राहिली होती. डोळ्यांची तपासणी अजून बरीच लांब होती. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं. मी म्हटलं, "बाबा, घाई काय आहे? थोडे दिवस पाहू. तुमचा तर देवावर भरवसा आहे."

ते माझ्यावर चिडले. आयुष्यात एकदाच चिडलेले पाहिले मी त्यांना.

"माह्या भरवशापायी गाडीतल्या लोकायले मारू काय? थे लोकं त्याचेच होत ना?"

मी निमूटपणे रिपोर्ट लिहिला. पण मनात ती ओळ खुपत होती, म्हणून विचारलंच, "डोळे चालले, ह्यात कृपा कसली?"

"डोळ्याची नाही जी," ते शांत होत म्हणाले. "टाइमावर समजलं, गाडी चुकायच्या आधी, त्याची किरपा."

गोंदियाला डॉक्टरनं तपासलं. मी सोबत गेलो होतो. मोतीबिंदू असता तर शस्त्रक्रियेनं निभावलं असतं, पण हा काचबिंदू होता. आतली नस सुकत चालली होती. वर्ष, फार तर दीड वर्ष अक्षर दिसेल, मग नाही, असं डॉक्टरनं स्पष्ट सांगितलं. परतीच्या गाडीत शिमोनबाबा बराच वेळ खिडकीबाहेर पाहत होते. भातकापणीचे दिवस होते. बांधाबांधावर भारे पडलेले. मग ते म्हणाले, "राजायच्या गोष्टी चालू आहेत सध्या. आखरीच्या पानाले अजून लय दूर आहे."

तेव्हा मला समजलं की त्यांना नोकरीची काळजी नव्हती. त्यांना शेवटचं पान हवं होतं. "थे पान मले लय आवडते जी," त्यांनी सांगितलं. "तिथं नवं शहर आहे, झाड आहे, पाणी आहे. अन् कोणाच्याच डोळ्यात पाणी नाही. अजून एक खेप तिथपावतर गेलो असतो त बरं झालं असतं."

मी टाइमटेबलचा माणूस. लगेच हिशेब मांडला. रोज एक अध्याय धरला तर डोळे संपतील आणि पुस्तक उरेल. पण रोज तीन-तीन वाचले तर वर्षाच्या आत शेवटचं पान हातात. इतकं सोपं! मी दुसऱ्या दिवशी सकाळीच त्यांच्या अंगणात जाऊन ही योजना मांडली. मला वाटलं, म्हातारा मला आशीर्वाद देईल.

"नाही जी," ते म्हणाले.

"का नाही?"

"रानात त्याचे लोक भुकेले होते तवा त्यानं आभाळातून अन्न पाडलं. सांगितलं का रोजचं रोज वेचा. काही लोकायनं उद्यासाठी भरून ठेवलं. सकाळी पाहतेत त किडे." त्यांनी पुस्तकाच्या पुठ्ठ्यावरून हात फिरवला. "उद्याचं आज खाल्लं त उद्या त्याच्यापाशी काय मांगू?"

"बाबा, उद्या मागाल आणि वाचायला डोळेच नसतील!"

"मंग देवच पाहीन ना, कसं वाढायचं थे."

माझं डोकं फिरलं. मी त्यांना हटवादी म्हटलं, आणखीही काही म्हटलं. एस्तरबाईंकडे वळून म्हणालो, "तुम्ही तरी सांगा ह्यांना." त्या सुपातला कोंडा उडवत म्हणाल्या, "मी सांगून आयकलं असतं त ह्या मानसानं गाणं कवाच सोडलं असतं." त्या दिवशी मी चहा न पिता परत आलो. एस्तरबाईंनी तो बिसनबरोबर मागाहून पाठवला.

नोकरी सुटल्यावर दोघं रुळांपलीकडे गावाच्या कडेला एका मातीच्या घरात राहायला गेली. कुंपण बांबूचं, दारात पपईचं झाड. माझ्या खिडकीतून अंगण दिसे आणि गाणं तर ऐकू यायचंच. रोज एक अध्याय चालला होता. राजे संपले, स्तोत्रं आली. स्तोत्रांचे ते दिवस फार सुखाचे गेले. त्यांत मुळात गाणीच आहेत म्हटल्यावर शिमोनबाबा वाचायच्या ऐवजी तीही गाऊ लागले आणि गावातली कुत्री पहाटेच जागी होऊ लागली. पण चष्मा नाकावरून कपाळावर, कपाळावरून नाकावर, असा सारखा फिरे. पुस्तक आधी मांडीवरून छातीपाशी आलं, मग डोळ्यांपाशी. पुढे ते उन्हं अंगणात पुरती उतरेपर्यंत थांबू लागले. एकदा मी गेलो तेव्हा पुस्तक मिटलेलं होतं आणि वाचून झालेल्या भागात बोट घालून ते राहिलेल्या पानांची जाडी चिमटीत धरून पाहत होते.

"एवढं राहिलं जी," माझी चाहूल लागताच ते म्हणाले आणि चोरी पकडल्यासारखे हसले. मला फार वाईट वाटलं. भरवसा असला म्हणून माणसाला हौस नसते असं थोडंच आहे.

होळीच्या सुमाराला एका सकाळी अक्षर दिसेनासं झालं. एस्तरबाईंनी बिसनकडून मला निरोप धाडला. मी गेलो तर शिमोनबाबा पाटावर बसलेले, पुस्तक उघडं, बोट ओळीवर. "पान त पांढरं दिसून राहिलं," ते म्हणाले. "त्याच्यावरचं काही नाही." गाणं त्या दिवशीही झालं होतं, हे मी खिडकीतून ऐकलं होतं. पण वाचन थांबलं होतं. शेवटचं पान अजून लांबच होतं.

मी पुस्तक माझ्याकडे ओढलं आणि बोटाखालच्या ओळीपासून वाचायला सुरुवात केली. मी ब्राह्मणाच्या घरातला, घरी पोथ्या वाचलेल्या, तेव्हा वाचनाची ऐट होतीच. अध्याय संपल्यावर विचारलं, "कसं वाटलं?"

"आवाज चांगला आहे," शिमोनबाबा म्हणाले. "पण तुमी गाडी सुटल्यासारखं वाचता जी. थोडं टेसनावर थांबत जा."

मग तो माझा नेम झाला. सकाळची पॅसेंजर गेली की रूळ ओलांडायचे, अध्याय वाचायचा, एस्तरबाईंच्या हातचा चहा प्यायचा. मला त्या पुस्तकातल्या सगळ्याच गोष्टी पटत होत्या असं नाही. पण स्टेशनावर दिवसभर लोक माझ्यावर ओरडत आणि मी लोकांवर. ह्या अंगणात ती अर्धी घटका बरी जाई. त्याची मला सवयच लागली.

उन्हाळ्यात एक दिवस असा अध्याय आला की खरं बोलला म्हणून एका संदेष्ट्याला लोक दोरानं विहिरीत सोडतात. विहिरीत पाणी नाही, नुसता चिखल. तो त्यात रुततो. मी मनापासून वाचत होतो. नेमकी तेवढ्यात स्टेशनवर घंटा झाली. कुठलीशी स्पेशल गाडी न सांगता निघाली होती. मला उठणं भाग होतं, पण तो माणूस चिखलात रुतलेला, आणि शिमोनबाबा मान पुढे करून ऐकत असलेले. मी घुटमळलो.

"जा तुमी, गाडी पाहा," एस्तरबाई सूप हलवत म्हणाल्या. "राजाघरचा एक चाकर त्याले काढते बाहीर. दोरीनं खाक कापू नाही म्हणून जुन्या चिंध्या देते खाली, खाकंत धराले. मोठा चांगला माणूस होता थो."

मी धावत स्टेशनवर गेलो. संध्याकाळी येऊन उरलेलं वाचलं, तर खरंच काखेत धरायच्या चिंध्या होत्या. मला तेव्हा फक्त गंमत वाटली. इतक्या वर्षांत एखादी गोष्ट बाईंच्या कानावर राहिली असेल, असं म्हणून मी सोडून दिलं.

पावसाळ्यात स्वातंत्र्य आलं. स्टेशनवर झेंडा लावला, बिसननं फलाटभर आंब्याचे डहाळे बांधले. शिमोनबाबांना मी हाताला धरून आणलं. झेंडा दिसत नव्हता, तरी त्याच्या फडफडण्याकडे तोंड करून ते उभे राहिले आणि डोळे मिटून प्रार्थना केली. येणाऱ्यांना शहाणपण दे, असं म्हणाले, आणि जाणारे बोटीनं जातील तर त्यांनाही सुखरूप घरी पोचव. पाटलांना ते दुसरं फारसं आवडलं नाही. पण म्हाताऱ्याला कोण बोलणार?

महिनाभरात माझ्या बदलीचा हुकूम आला. मला माझ्याच भागात जायचं होतं, चार वर्षं त्यासाठी अर्ज करत होतो. आणि आता हुकूम हातात घेऊन मी खुर्चीत बसून राहिलो. वाचणार कोण? बिसनला अक्षर येत नाही. पाद्रीसाहेब महिन्यातून एकदा. माझ्या जागी येणारा मास्तर मराठी नव्हता. मी पाटलांना विचारून पाहिलं, ते म्हणाले, "माह्या घरी पोथीच कोणी वाचत नाही, मास्तर, तुमी कायचं सांगता?" शेवटी मी शिमोनबाबांपाशी गेलो आणि सगळं सांगून टाकलं.

ते ऐकून घेत होते. हात पुस्तकावर होता, आणि अंगठा पुन्हा त्या राहिलेल्या पानांच्या कडेवरून फिरत होता. त्यांना लागलं होतं, हे मला दिसत होतं.

"तुमी घरी चालले, हे चांगलं झालं," अखेर ते म्हणाले. "मायबाप वाट पाहत असन."

"पण अध्याय?"

"आजचा झाला ना जी," ते म्हणाले. एस्तरबाई उठून चुलीकडे गेल्या.

निघायच्या दिवशी माझी गाडी सकाळी लवकरची होती. सामान फलाटावर ठेवून मी निरोप घ्यायला रूळ ओलांडले. शेवटचा अध्याय वाचून दाखवावा, एवढा वेळ हातात होता. रात्री पाऊस पडून गेला होता, भाताच्या बांध्या पाण्यानं काठोकाठ भरल्या होत्या. गाणं झालेलं असणार, कारण अंगणातून बोलण्याचा आवाज येत होता. बोलत एस्तरबाई होत्या. मी बांबूच्या कुंपणापाशी थांबलो.

शिमोनबाबा पाटावर बसले होते. पुस्तक मांडीवर, मिटलेलं, त्यावर दोन्ही हात. एस्तरबाई नेहमीसारख्या सूप घेऊन शेजारी. तांदूळ उडत होते आणि त्या तालावर त्या सांगत होत्या.

"मंग थो मानूस म्हणते का अंजिराचं झाड फुललं नाही. आता अंजीर मी पाहिला नाही, तुमी आपला मोह समजा. मोह फुलला नाही. वेलीले काही लागलं नाही. वावरात धान झाला नाही. मेंढरं गेली, गोठ्यात बैल नाही."

"हाव," शिमोनबाबा म्हणाले.

"तरी मी खुशच राहीन म्हणते. देवापाशी बसून गाईन म्हणते. माहे पाय हरणीवानी होतेत, अन् थो मले उंच पहाडावर चालवते म्हणते." एस्तरबाई थांबल्या. सूपही थांबलं. ते थांबलेलं मी पहिल्यांदाच पाहिलं. "त्याच्या मंग आखरीले काय आहे थे मले याद नाही जी. काहीतरी आहे. पण चांगलंच असन."

"चांगलंच असन," शिमोनबाबा म्हणाले. "आमेन."

"अन् असं तोंड पाडू नका. रोज एक सांगत जाईन. जे याद नाही थे नाही. आखरीचं पान मले सारं याद आहे, तुमी तिथं गेले का दर खेपेले रडता म्हणून. तिथपावतर नेते तुमाले."

शिमोनबाबांनी चाचपडत हात पुढे केला. तो सुपावर पडला, तांदूळ सांडले, आणि एस्तरबाईंनी त्यांना यथेच्छ झापलं. मी आत गेलो नाही. काही सांगायचं उरलं नव्हतं, आणि माझे डोळे भरून आले होते. घंटा झाली तसा मी परत फिरलो.

गाडी हलली तेव्हा मी दारात उभा होतो. ती वळणावर गावाच्या कडेनं जाते, अगदी त्या कुंपणाजवळून. एस्तरबाईंनी मला पाहिलं असावं, कारण त्या शिमोनबाबांच्या कानाशी वाकल्या. ते पाटावरून उठले, गाडीच्या आवाजाकडे तोंड केलं आणि तो रुंद पंजा वर केला, पूर्वी सांधा नीट बसल्याची खूण करत तसा. आणि गाऊ लागले. इंजिनाच्या आवाजात मला पुरतं ऐकू आलं नाही. 'मास्तर' एवढं ऐकू आलं, आणि त्यानंतर, पोटातला सगळा जोर लावलेली, साफ बेसूर, 'तुही किरपा'.